नाझरे, बनगरवाडी, हन्नूर: सांगोल्याच्या लेकीसाठी आपल्या मुलखातली पुस्तकं

ताई, तुमचं माहेर नाझऱ्याजवळ माणकाठी, संसार पुण्यात. मुलगा सातवीत आहे आणि त्याला गाव म्हणजे दिवाळीची सुट्टी एवढंच माहीत. आपल्या भागातली म्हणता येतील अशी पुस्तकं तुम्ही कोणती वाचावीत, त्याला कोणती द्यावीत, आणि ‘बनगरवाडी’ तर सगळेच सांगतात, त्याच्यापुढे काय, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगोला तालुक्यात ग्रंथपाल होतो. बाहेरगावी गेलेली माणसं सुट्टीत आली की देवघेवीच्या टेबलाशी येऊन हेच विचारायची, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

तुमच्या दारापासूनच सुरुवात करतो. सांगोला तालुक्यातल्या माणसाने लिहिलेलं आणि महाराष्ट्रात घरोघरी गेलेलं पुस्तक तुमच्या आईच्या देवघरात लाल कापडात बांधलेलं असेल. ‘शिवलीलामृत’. त्याचे कर्ते श्रीधरस्वामी नाझरेकर, म्हणजे आपल्या नाझऱ्याचे. घराणं देशकुलकर्ण्यांचं, पुढे वास्तव्य पंढरपुरात. ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘रामविजय’ १७०३ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा आणि ‘शिवलीलामृत’ १७१८ चं, ते बारामतीत पुरं झालं. श्रावणात देवळात पोथी लागते, एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि म्हाताऱ्याकोताऱ्या हुंकार देतात. त्या पोथीचा कवी दोन कोसांवरचा आहे हे ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांना माहीत नसतं. माझं सांगणं एवढंच, की ‘पांडवप्रताप’ एकदा धर्मग्रंथ म्हणून बाजूला ठेवून गोष्ट म्हणून वाचा. मोठ्याने वाचा. श्रीधरांची ओवी कानासाठी बांधलेली आहे. युद्धाचं वर्णन आलं की ती धावते, विलापाचं आलं की थांबत थांबत चालते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही महाभारत तोंडपाठ असायचं, त्यात या पोथीचा वाटा फार मोठा आहे. मुलाला वनपर्वातला एखादा प्रसंग वाचून दाखवा. शब्द अडतील, पण गोष्ट अडणार नाही.

आता पुस्तकांच्या कपाटाकडे वळू. ‘सोलापूर जिल्हा’ एवढंच धरून शोधलंत तर अर्धी पुस्तकं हातची जातील. आपला मुलूख माणदेश आहे आणि तो तीन जिल्ह्यांत विभागलाय. माण नदी साताऱ्याकडून येते, आटपाडीवरून सांगोल्यात उतरते आणि पुढे भीमेला मिळते. संस्थानं विलीन होण्याआधी सांगोला इंग्रजी अमलात होता, मंगळवेढा सांगली संस्थानात, आटपाडी औंधाकडे आणि अक्कलकोट तर स्वतंत्र संस्थानच. म्हणून आटपाडीकडच्या लेखकाचं पुस्तक आज कागदोपत्री सांगली जिल्ह्याचं असलं तरी त्यातलं रान, तो दुष्काळ आणि ती बोली आपलीच असते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा बघा, लेखक गावात कुठे उभा आहे. शाळेत, चावडीवर, पारावर, महारवाड्यात, एसटी स्टँडवर की तमाशाच्या तंबूत? अख्खं गाव एका जागेवरून कुणालाच दिसत नाही. आपल्या भागाचं नशीब असं, की या बहुतेक जागांवरून कुणी ना कुणी लिहून ठेवलंय. एकाच जागेवरचं वाचून गाव कळलं असं समजू नका, एवढ्यासाठी पुढची सगळी नावं सांगतोय.

‘बनगरवाडी’ (१९५५) पुन्हा वाचा म्हणून सांगेन. शाळेत असताना वाचलेली असेल तर ती नुसती साध्या भाषेतली गोष्ट वाटली असेल. व्यंकटेश माडगूळकर इथे शाळेत उभे आहेत. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. पोरं मेंढरांमागे गेलेली, शाळेत कुणी नाही. हळूहळू मास्तर वाडीचा होतो, लोकांना हाताशी धरून तालीम उभी करतो, आणि औंधाचे राजेसाहेब तिच्या उद्घाटनाला येतात. आता त्या तालमीची प्रकरणं सावकाश वाचा. वाडीला पैसा ठाऊक नाही, श्रम ठाऊक आहेत. कोण दगड आणतो, कोण लाकूड, कोण नुसता बसून सल्ले देतो. कारभाऱ्याचा शब्द कुठे चालतो आणि कुठे चालत नाही. गावातली कामं अशीच उभी राहतात हे ज्याने पाहिलंय, त्याला ती पानं जिवंत वाटतील. आणि मग दुष्काळ येतो. माडगूळकर दुष्काळावर भाषण करत नाहीत. पाणी आटतं, जनावरं खंगतात, एकेक घर मेंढरं घेऊन वाट धरतं. जिथे एवढ्या हौसेने तालीम बांधली, ती वाडी ओस पडते. सोलापूर-सांगोल्याकडच्या माणसाला १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घरातूनच कळलेल्या असतात. त्या ऐकलेल्या असतील तर शेवटची प्रकरणं वाचताना पुस्तक मिटावंसं वाटेल. मिटू नका.

‘माणदेशी माणसं’ (१९४९) मुलासाठी घ्या. एकेक व्यक्तिचित्र म्हणजे एका बैठकीचं वाचन. धर्मा रामोशी, झेल्या, मुलाण्याचा बकस, शिवा माळी, रामा मैलकुली. सातवीतल्या मुलाला झेल्या लगेच आपला वाटेल, कारण तोही शाळेतलाच पोर आहे. धर्मा रामोशी मात्र तुम्ही वाचून दाखवा, आणि वाचून झाल्यावर लगेच समजावून सांगायला जाऊ नका.

माडगूळकरांच्या शेजारी लगोलग शंकरराव खरातांचं ‘तराळ अंतराळ’ (१९८१) ठेवा. खरात आटपाडीचे. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण आत्मचरित्राचा जीव त्यांच्या लहानपणात आहे. वडिलांकडे तराळकी होती. गावाचा सांगावा पोचवणं, सरकारी माणूस आला की धावणं, आणि त्याबदल्यात दारोदार भाकरी मागणं. हाच तो माणदेश, हीच ती दुष्काळी जमीन, हेच ते औंध संस्थान. फक्त लेखक दुसऱ्या टोकाला उभा आहे. दोन्ही पुस्तकं एका महिन्यात वाचलीत तर तुम्हाला आटपाडीचा बाजार दोन बाजूंनी दिसेल. असं जोडीने वाचायला मी वाचनालयात कित्येकांना दिलं, आणि दोन्ही पुस्तकं परत करताना माणसं टेबलाशी उभी राहून बोलायची. एरवी नुसतं कार्ड पुढे करून जायची.

आता अक्कलकोटकडे. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४). अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर हे त्यांचं गाव. हे पुस्तक तुम्ही वाचा. मुलाला आत्ता देऊ नका, दहावीनंतर द्या. सुरुवातीलाच शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. वरच्या जातीची मुलं आपापली शिदोरी खातात आणि उरलेलं महारवाड्यातल्या मुलांना दिलं जातं. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. काय लिहायचं? सगळ्या पुस्तकाचं बीज त्या वर्गात आहे.

पण मला सगळ्यात जास्त हलवतो तो ज्वारीचा प्रसंग. सुगीत रानात सुटलेली जनावरं कणसं खातात, आणि न पचलेले दाणे शेणातून पडतात. लेखकाची आजी संतामाय असं शेण गोळा करते, धुते, दाणे वेचते, वाळवते, दळते आणि भाकरी करते. नातू ती भाकरी चाखून बघतो. मंगळवेढ्याला आपण ज्वारीचं कोठार म्हणतो, मालदांडी ज्वारीच्या भाकरीचं कौतुक पाहुण्यांना ऐकवतो. ते कौतुक खरं आहे. त्याच ज्वारीची ही दुसरी भाकरीही तितकीच खरी आहे, आणि जिल्ह्याबाहेरच्या वाचकापेक्षा ती आपल्याला जास्त बोचली पाहिजे, कारण ते काळं रान आपलं आहे. याच पुस्तकात संतामायसोबत राहणारे महमूद दस्तगीर जमादार भेटतात. जात वेगळी, धर्म वेगळा, आणि लेखकाचा खरा आजा तोच. गावात माणुसकी कुठून आली आणि कुठून आली नाही, याचा हिशेब या एका नात्यात आहे.

करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे ग्रंथाली प्रकाशनाचं पुस्तक. किशोर शांताबाई काळे यांनी बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव लावलं, ते का, हे पुस्तक वाचून कळतं. तमाशात नाचणारी आई, मुलींच्या कमाईवर जगणारी घरातली पुरुषमंडळी, आणि आजोळी राबत राबत शिकलेला, पुढे डॉक्टर झालेला मुलगा. जत्रेत तंबूबाहेर उभं राहून आपण ढोलकी ऐकली. आतलं ऐकायचं असेल तर हे वाचा. भाषा घासूनपुसून घेतलेली नाही, काही ठिकाणी धावती आहे, आणि ती तशी आहे हेच बरं. काळे २००७ मध्ये अपघातात गेले. त्यांच्याकडून अजून लिहून व्हायला हवं होतं.

इतकं जड एका दमात वाचवणार नाही. मध्ये द. मा. मिरासदार घ्या. जन्म अकलूजचा, १९२७ चा, आणि शिक्षण अकलूज-पंढरपुरात. मिरासदार पारावर बसलेले आहेत. ‘मिरासदारी’ घरात असावंच. भोकरवाडीच्या गोष्टींतला नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही मंडळी तुमच्या गावच्या पारावर वेगळ्या नावांनी बसलेली आहेत. ‘भुताचा जन्म’, ‘व्यंकूची शिकवणी’, ‘माझ्या बापाची पेंड’ या कथा रात्री जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचा. मुलाची मराठी सुधारायला याच्याइतकं सोपं औषध मी पाहिलेलं नाही. वाचताना तुमच्या तोंडून माहेरचे हेल आपोआप येतील, येऊ द्या.

पंढरपूर तर एक स्वतंत्र कपाटच आहे, आणि त्यातली निम्मी पुस्तकं एकमेकांची नक्कल आहेत. त्यातली दोनच सांगतो. एक, दि. बा. मोकाशी यांचं ‘पालखी’ (१९६४). मोकाशी भक्त म्हणून निघालेले नव्हते, एक लेखक म्हणून वारीबरोबर चालले. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, ही तुमच्या ओळखीची गावं. मुक्कामाला कोण कुठे झोपतं, पाणी कुठून येतं, पाय सुजले की काय करतात, दिंडीत भांडणं कशावरून होतात, हे सगळं त्यात आहे. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून वारी पाहतो, ते वारीतून आपल्याकडे पाहतात. दुसरं, डॉ. रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४). याला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे आणि पुस्तक जाड आहे, म्हणून माणसं बिचकतात. बिचकू नका. ढेऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, आणि विठ्ठल-बीरोबा या जोडीत त्याचं मूळ रूप अजून शिल्लक आहे. शहरातल्या वाचकाला ही तात्त्विक चर्चा वाटते. पण दिवाळीला मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीची महालिंगराया-बिरोबाची यात्रा, पालख्यांची भेट, भंडाऱ्याने पिवळं झालेलं रान ज्याने पाहिलंय, त्याला ढेरे काय म्हणतात ते पानागणिक डोळ्यांपुढे दिसतं. एवढा फायदा आपल्याला इतर वाचकांपेक्षा जास्त आहे. सुरुवातीपासून सलग वाचायचा हट्ट धरू नका, धनगरांच्या देवाचा भाग आधी काढा.

तुमच्या तालुक्याचा इतिहास हवा असेल तर सर जदुनाथ सरकारांच्या औरंगजेबावरच्या ग्रंथात खवासपूर शोधा. आपल्या सांगोला तालुक्यातलं, माणकाठचं. १७०० च्या पावसाळ्यात सातारा आणि परळीचे किल्ले घेऊन आलेल्या बादशहाची छावणी इथे पडली. तंबू नदीच्या दोन्ही काठांवर आणि कोरड्या पात्रातही. एक ऑक्टोबरच्या मध्यरात्री डोंगराकडे झालेल्या पावसाचं पाणी एकदम आलं. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटलं मराठे छावणीत घुसले. घाईने उठताना तो अडखळला, उजवा गुडघा निखळला, आणि ते लंगडेपण शेवटपर्यंत राहिलं. आपल्या माणला एरवी वाळूच दिसते, पण तिचं पाणी कसं न सांगता येतं हे काठावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याआधीची काही वर्षं, १६९५ ते १६९९, त्याचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला, आपल्या माचणूरजवळ होता. मुलाला माचणूरच्या किल्ल्यावर नेणारच असाल तर आदल्या रात्री ही पानं त्याला सांगा.

याच्या जोडीला जुनं सोलापूर गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालेतला विसावा खंड, १८८४ चा. इंग्रजीत आहे आणि राज्य शासनाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. लेखक इथे कलेक्टरच्या तंबूत उभा आहे, हे विसरायचं नाही. त्याला माणसं दिसतात ती सारा, धंदा आणि जात या रकान्यांत. तरीही १८७६-७७ च्या दुष्काळाचा भाग वाचा, आणि शेवटच्या गावांच्या यादीत आपल्या आसपासची नावं शोधा. मंगळवेढा आणि अक्कलकोट त्यात नीट सापडणार नाहीत, कारण तेव्हा ती संस्थानी होती.

अक्कलकोटात जन्मलेले आणि सोलापुरात राहिलेले त्र्यं. वि. सरदेशमुख यांचं ‘डांगोरा एका नगरीचा’ ही संस्थानी जगाची मोठी कादंबरी. २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. सावकाश वाचणाऱ्यांसाठी आहे, प्रवासात वाचायची नाही. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, पण त्यांची नोकरी विदर्भातल्या जंगलांत गेली, म्हणून त्यांच्या पुस्तकांत आपलं माळरान थोडंच येतं. मुलाला पक्ष्यांची आवड असेल तर ‘चकवाचांदण’मधला सोलापूरच्या बालपणाचा भाग द्या आणि त्या सुट्टीत नान्नजचं माळढोक अभयारण्य दाखवा. कवितेत बार्शीच्या शाहीर अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ आहेत. आणि नागराज मंजुळे यांचा ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’. त्यांचे सिनेमे सगळ्यांनी पाहिले, कवितेचं पुस्तक फार थोड्यांनी उघडलं. त्यांच्या गावाचं, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचं ऊन त्यात आहे.

एक उणीव मात्र मला कायम सलत आलीय. वर सांगितलेल्या सगळ्या पुस्तकांत बाया आहेत, संतामाय आहे, शांताबाई आहे, पण लेखणी पुरुषाच्या हातात आहे. चुलीपाशी उभं राहून लिहिलेलं सोलापूरच्या खेड्यातलं पुस्तक मला कपाटात हवं तसं मिळालं नाही. ते शोधायचं असेल तर छापील पुस्तकाबाहेर जावं लागतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. त्यांतल्या कित्येक आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या आवाजात, नावागावासकट. पंढरीच्या, भावाच्या, सासुरवासाच्या ओव्या आहेत. तुमच्या आईला फोनवर लावून द्या. तिला त्यातली एखादी वेगळ्या चालीवर येत असेल, तर ती म्हणायला लावा आणि मोबाइलवर घेऊन ठेवा.

मिळण्याचं म्हणाल तर माडगूळकर मेहता प्रकाशनाकडे, पुण्यात कुठल्याही दुकानात. मिरासदारही सहज मिळतात. ‘तराळ अंतराळ’ आणि सरदेशमुख दुकानात दिसले नाहीत तर जुन्या पुस्तकांच्या बाजारात बघा, नाहीतर सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा. ‘पांडवप्रताप’ची पोथी विकत घेऊ नका. आईकडची आणा, तिच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात, त्या वाचायला फार मदत करतात.

आणि दिवाळीला येणार असाल तर त्याआधी मुलाकडून ‘माणदेशी माणसं’ आणि तुमच्याकडून ‘बनगरवाडी’ वाचून होऊ द्या. पाडव्याच्या सुमाराला हुलजंतीला जा. तिथून आल्यावर ढेरे उघडा. ‘अक्करमाशी’ पुण्यात परत गेल्यावर, सलग दोन दिवस मोकळे मिळतील तेव्हा.